स्कॉर्पिओ-एन घेताय? पेट्रोल की डिझेल, हे आधी ठरवा

स्कॉर्पिओ-एन घ्यायचं पक्कं झालं की घरातली सगळी चर्चा रंग, सनरूफ आणि नंबर यांच्याभोवती फिरते. माझ्या मते त्याआधी इंजिनावर बोलायला हवं. पेट्रोल आणि डिझेल बाहेरून ओळखू येत नाहीत, पण चालवायला बसलात की दोन वेगळ्या गाड्या वाटतात. मी दोन्ही चालवून पाहिल्या, वेळ घेतला आणि पेट्रोल ऑटोमॅटिक घेतली. माझं कारण तुम्हाला लागू पडेलच असं नाही, म्हणून आधी डिझेलची बाजू सांगतो.

घाटात डिझेलच सरस. ऑटोमॅटिकमध्ये डिझेलचा टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, ४०० न्यूटन मीटर, पेट्रोलचा ३८०. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण सगळ्या सीटा भरून नांदुरीहून सप्तशृंग गड चढायला लागा, मग कळतं. वळण संपून चढ लागला की पेट्रोल एक गिअर खाली येतं, आवाज चढतो आणि मग गाडी उचलते. डिझेल त्याच गिअरमध्ये, फारसा आवाज न करता ओढत राहतं. कसाऱ्यालाही तोच अनुभव. शेतावरच्या कच्च्या रस्त्यासाठी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, हवी असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही, ती डिझेललाच मिळते.

खर्चाचं गणितही डिझेलच्याच बाजूचं. लिटरमागे दहा रुपयांहून जास्त फरक आहे, शिवाय डिझेल जास्त पळतं. माझी पेट्रोल शहरात आठ-नऊच्या पुढे क्वचितच जाते. महामार्गावर शांतपणे चालवली तर बारापर्यंत येते. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलमध्ये ऊर्जाच कमी, त्यामुळे तिथेही थोडा फटका बसतो. महिन्याला दोन-अडीच हजार किलोमीटर फिरणाऱ्याला पेट्रोल घे असं मी म्हणणार नाही.

मग मी का घेतली? एका पिवळ्या दिव्यामुळे.

याआधी आमच्याकडे दुसऱ्या कंपनीची बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांतली, डिझेल एसयूव्ही होती. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मला झालेला त्रास कुठल्या एका कंपनीचा नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि या वर्गातल्या डिझेल गाड्यांना डीपीएफ अटळ झाला. डीपीएफ म्हणजे सायलेन्सरच्या वाटेत बसवलेली, काजळी अडवणारी जाळी. अडकलेली काजळी अधूनमधून जाळावी लागते. त्याला ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि ती मिळवायला इंजिन स्वतःच जादा डिझेल सोडतं. गाडी एका वेगात पळत असेल तर हे काम तुमच्या नकळत उरकतं.

माझं घर नाशिकला गंगापूर रोडला, काम सातपूर एमआयडीसीत. इंजिन नीट तापायच्या आत कंपनीचं गेट येतं. संध्याकाळी परत तेच, वाटेत भाजी, मुलीचा क्लास. म्हणजे काजळी जाळायला सुरुवात झाली की नेमका मी किल्ली फिरवून गाडी बंद करणार. खुणा पाठ झाल्या होत्या. सिग्नलला उभं असताना आरपीएम नेहमीपेक्षा थोडे वर, काहीतरी जळल्यासारखा उग्र वास, आणि पार्किंगमध्ये गाडी बंद केल्यावरही पुढचा पंखा जोरात फिरत राहणारा. असं काम बऱ्याचदा अर्धवट राहिलं की डॅशबोर्डवर दिवा. मग जेवणं आटोपून गाडी काढायची, मुंबई नाक्याहून आग्रा महामार्ग धरायचा, आडगाव ओलांडून ओझरपर्यंत साठच्या वर वेग ठेवायचा आणि वळून परत यायचं. कुठे जायचं नसताना. मुलीच्या परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा गेलो आहे, कारण दिवा तसाच राहू दिला तर गाडी ताकद कमी करते आणि पुढचं काम वर्कशॉपमध्येच होतं.

याहून जास्त बोचली ती डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी. एका सकाळी गार इंजिनाची डिपस्टिक ओढून पाहिली. ऑइल बदलल्यावर मधोमध असलेली पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली होती, आणि पुसलेल्या फडक्याला डिझेलचा वास येत होता. काजळी जाळायला सोडलेलं काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. काजळी जाळायचं काम वारंवार अर्धवट राहिलं की ते साठत जातं आणि ऑइल पातळ होतं. टर्बोच्या बेअरिंगला ते मुळीच चांगलं नाही. मुदतीआधी ऑइल बदललं आणि पुढची गाडी पेट्रोल, हे तिथेच ठरलं.

स्कॉर्पिओ-एनच्या डिझेलला असंच होईल असा माझा दावा नाही. माझ्या ओळखीत पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्ष बागायतदार डिझेल वापरतात, रोज महामार्गावर असतात, त्यांना डीपीएफचा दिवा कसा दिसतो हेही माहीत नाही. त्यांच्यासाठी तीच गाडी योग्य. फरक रोजच्या रस्त्याचा आहे. आणि शहरातला रस्ता सध्या आणखी अडखळतोय. २०२७ च्या सिंहस्थाची कामं सुरू आहेत, द्वारका चौकाची गर्दी तर तुम्ही जाणताच.

पेट्रोलचं सुख मात्र रोज जाणवतं. सकाळी गाडी सुरू झाली की शेजारच्यांना कळत नाही. केबिनमध्ये इंजिनाची थरथर पोचत नाही. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून मुंबईला जाताना ८० वरून १२० ला ज्या सहजतेने ती जाते, ते पाहून पंपावरचं बिल मला फारसं टोचत नाही. कुणाला टोचेल, हेही मान्य.

तरीही डिझेलकडेच मन ओढत असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास सलग महामार्गावर चालवणं तुम्हाला खरंच जमणार आहे का, हे घरी बसून मोकळेपणाने ठरवा. आणि शोरूममध्ये ॲव्हरेजबरोबर हेही विचारा, की डीपीएफ तुंबला तर त्याची सफाई वॉरंटीत धरतात का. उत्तर लेखी घ्या.