नव्या वायूसाठ्यासाठी काय बरे: नळवाहिनी की एलएनजी?

साठा सापडला, पण गिऱ्हाईक सीमेपलीकडे. मग नळ टाकायचा, की नैसर्गिक वायू द्रवरूप करून, म्हणजे एलएनजी बनवून, जहाजाने पाठवायचा? एका मित्राला हा प्रश्न पडला होता, त्यावरून हे लिहितोय.

खर्च आधी. जवळच्या बाजारासाठी नळ सहसा स्वस्त. एलएनजीत वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. आकारमान सुमारे ६०० पट घटते, पण त्या खटाटोपात वायूचाच काही भाग जळतो. अंतर हजारो किलोमीटरांवर गेले की मात्र जहाज परवडू लागते.

खरी मेख राजकारणात आहे. नळ एकदा पुरला की तो हलत नाही आणि वाटेतला प्रत्येक देश भागीदार होऊन बसतो. तुर्कमेनिस्तानातून अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे भारतात येणारी सुमारे १,८०० किलोमीटरची तापी वाहिनी (नाव या चार देशांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून) घ्या: काम २०१५ मध्ये सुरू झाले, वायू अजून भारतात पोचलेला नाही. अल्जीरिया-मोरोक्को वादात तर २०२१ मध्ये चालू वाहिनीच बंद पडली. जहाजाला निदान दुसरे बंदर गाठता येते. अर्थात एलएनजीही निर्धोक नाही. मोझांबिकमधला किनारी प्रकल्प २०२१ च्या हल्ल्यांनंतर थांबवावा लागला होता.

टिकाऊपणात फारसा फरक नाही, दोन्ही दशके चालतात.

शेजारी भरवशाचा, साठा मोठा आणि वीस वर्षांचा खरेदी करार हातात असेल तर नळ. वाटेत भांडखोर देश असतील किंवा ग्राहक विखुरलेले असतील तर एलएनजी. साठा लहान असेल, तर आधी देशातच वीजनिर्मितीला किंवा खत कारखान्याला वायू देता येतो का ते बघा.