रत्नागिरी कोर्टातला मोफत कायदा सल्ला, नक्की जा
शेजारच्या काकूंच्या मुलाला एका पोलीस ठाण्यात रात्रभर बसवून ठेवलेलं म्हणून त्यांना घेऊन इथे गेलेलो, सेवा खरंच चांगली आहे. बायकांना उत्पन्नाची अट नाही, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. वकील मॅडमनी कागद ओळ न् ओळ वाचले आणि स्पष्ट सांगितलं, मानवी हक्क आयोगाकडे वर्षाच्या आत जा पण आयोग फक्त शिफारस करतो, सरकारवर ती बंधनकारक नाही. २०१९ ला मानवी हक्कांचा कायदा बदलला तेव्हा आयोगाच्या अध्यक्षांची मुदत ५ वरून ३ वर्षं केली पण शिफारशीचं हे तसंच ठेवलं, मला अजिबात पटत नाही, मग माणूस हायकोर्टातच जाणार ना! बरं झालं ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच, म्हणजे मुंबई हायकोर्टाचेच न्यायाधीश तिथे बसतात ते कोर्ट, आहे, आपल्याला मुंबई गाठायला नको. जाताना सगळ्याच्या झेरॉक्स न्या.