शेल्टरमधून मांजर आणायचंय? आधी मुलाखतीची तयारी करा

पाचपैकी चार स्टार. एक कुठे कापला ते पुढे येईलच. शेल्टरचं नाव मात्र मी मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नाव-पत्ता सगळीकडे फिरला की रात्रीबेरात्री गेटबाहेर खोकी येऊन पडतात, खोक्यात डोळे न उघडलेली पिल्लं आणि सोडणारा गायब. हे तिथल्या लोकांनीच सांगितलं, अक्षरशः हात जोडून. पुण्याच्या बाहेर आहे, शेवटचा रस्ता कच्चा आहे, एवढं पुरे. शिवाय मी अजून दोन-तीन ठिकाणी चौकशी केली होती तर पद्धत सगळीकडे साधारण हीच, त्यामुळे ज्याला शेल्टरमधून मांजर आणायचंय त्याला हे कुठेही उपयोगी पडेल.

लोकांची सगळ्यात मोठी तक्रार असते प्रश्नांची. फुकटचं मांजर घ्यायला गेलो तर स्थळ बघायला आल्यासारखी चौकशी करतात, वगैरे. फॉर्म खरंच लांबलचक आहे. घर स्वतःचं का भाड्याचं, भाड्याचं असेल तर मालकाला माहितीये का, घरात कोण कोण, कोणाला दमा आहे का, दिवाळीत गावाला गेलात तर मांजर कोणाकडे ठेवणार, आधी काही पाळलं होतं का आणि त्याचं पुढे काय झालं, आणि नवरा-बायको असाल तर बाळाचा विचार आहे का. हा शेवटचा प्रश्न वाचून आमचे हे भडकलेच, यांना काय करायचंय म्हणे. फोनवरच्या ताईंनी शांतपणे सांगितलं की दादा, आमच्याकडे परत येणाऱ्या मांजरांमध्ये असली बरीच असतात, घरात गोड बातमी आली की सासर-माहेर दोन्हीकडची मंडळी एकदम डॉक्टर होतात आणि पहिलं मांजर बाहेर. भीती असते टोक्सोप्लाझ्माची, म्हणजे मांजराच्या विष्ठेतून पसरणाऱ्या, गर्भाला धोका असलेल्या एका परजीवीची. पण त्याची विष्ठेतून पडलेली अंडी लागण करण्याइतकी तयार व्हायलाच किमान एक दिवस जातो, म्हणजे मांजराच्या शी-शूचा ट्रे रोजच्या रोज साफ केला, गरोदर बाईने न करता घरातल्या दुसऱ्या कोणी केला, मांजराला कच्चं मांस दिलं नाही आणि बाहेर शिकारीला सोडलं नाही तर घाबरून मांजर हाकलायचं काही कारण नाही. मी नंतर आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंनाही विचारलं, त्याही हेच म्हणाल्या. मग हे गप्प.

दुसरी अट जाळीची. आम्ही सातव्या मजल्यावर. व्हिडिओ कॉलवर एकेक खिडकी दाखवायला लावली, बाथरूमची झडप सुद्धा. आमच्या बाल्कनीला कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी होती, मला वाटलं झालं काम, तर त्या म्हणाल्या ही चालणार नाही, मांजर दातांनी कुरतडतं आणि एकदा का भोक पडलं की संपलं. मांजर कुठूनही पडलं तरी पायावर पडतं असं आपण लहानपणापासून ऐकतो, ते बऱ्याचदा खरंही असतं, पण पायावर पडूनही सातव्या मजल्यावरून जबडा फुटतो, छातीला मार बसतो, पाय मोडतात. शेवटी खिडक्यांना स्टीलची बारीक जाळी आणि बाल्कनीला तारांचं ग्रिल केलं. मांजर फुकट, ग्रिलवाल्याचं बिल मात्र विचारू नका. तरी सांगते, जो शेल्टर हे न बघता मांजर हातात ठेवतो त्याच्याकडून घेऊ नका, त्याला मांजराची पडलेली नाहीये.

आता प्रत्यक्ष जागा. बाहेरून साधी पत्र्याची शेड. मला धास्ती होती ती वासाची, पण नाकाला पहिला आला तो ब्लीचचा वास. फिनेल अजिबात वापरत नाहीत. कारण विचारलं तर दोन मिळाली, एक म्हणजे फिनेल मांजराला विषारी, पायाला लागलं की ते चाटतं आणि पोटात जातं, आणि दुसरं म्हणजे पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या आजाराचा विषाणू असल्या साध्या क्लीनरला दाद देत नाही, पाण्यात मोजून मिसळलेलं ब्लीच लागतं. हा आजार पिल्लांचा काळ आहे, उलट्या-जुलाब सुरू झाले की बघता बघता पिल्लू जातं. म्हणून नवीन आलेली मांजरं दोन आठवडे वेगळ्या खोलीत, त्या खोलीची चप्पल वेगळी, झाडू वेगळा, आणि आपल्याला तिकडे फिरकूही देत नाहीत. एक काका आपल्या नातवाला घेऊन आले होते, नातवाला सगळ्या पिंजऱ्यांत बोटं घालून सगळ्या माऊंना हात लावायचा होता, तिथल्या मुलीने सरळ नाही सांगितलं, काका रुसले. मला तर तिथेच विश्वास बसला.

मी गेले होते पिल्लू आणायला. सगळेच पिल्लू आणायला जातात. तिथली ती मुलगी, कॉलेजात जाणारी असेल, शनिवार-रविवारी फुकट काम करते, तिने विचारलं घरी दिवसा कोण असतं? कोणी नसतं म्हटल्यावर म्हणाली मग पिल्लू एकटं नको, एक तर दोन न्या नाहीतर मोठं न्या. एकटं पिल्लू दिवसभर कंटाळतं आणि रात्री दोन वाजता तुमच्या पायाच्या अंगठ्याची शिकार करतं. मोठ्या मांजराचा स्वभाव समोर दिसतो, हे अंगावर येणारं आहे, हे लांब बसून बघणारं आहे, याला कुत्रं चालतं, याला लहान मुलं चालत नाहीत, सगळं त्यांना माहिती असतं. पिल्लाचं म्हणजे लॉटरी. आणि नसबंदी झालेली असते हा अजून एक फायदा, कारण मादी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते, लोक अजून लहान आहे लहान आहे म्हणत बसतात आणि दोन महिन्यांनी कपाटात बाळंतपण.

तर मोठ्यांच्या खोलीत एक काळी कुळकुळीत मांजरी खिडकीच्या कट्ट्यावर बसलेली, डाव्या कानाचं टोक कापलेलं. मला वाटलं भांडणात गेलं असेल, पण ती नसबंदीची खूण, ऑपरेशनच्या वेळी भूल दिलेली असतानाच कापतात म्हणजे पुन्हा कोणी तिला पकडून टेबलवर घेत नाही. नाव कारळ. कारळाच्या चटणीवरून. कितीतरी दिवस तिथेच होती. काळी मांजरं मागे राहतात, कारण आडवं गेलं की काम होत नाही हे डोक्यातून जात नाही आणि शिवाय फोटोत काळं मांजर दिसत नाही म्हणे, नुसते दोन डोळे. लोकांचे फोन येतात ते "पर्शियन आहे का" म्हणून. पर्शियन पण होते की, दोन, कोणीतरी हौसेने विकत घेऊन केसांची निगा झेपली नाही म्हणून सोडलेले, केसांचे गठ्ठे झालेले, डोळे सतत गळणारे. (जाता जाता, "फ्री पर्शियन, फक्त ट्रान्सपोर्टचे पैसे पाठवा" अशी जाहिरात दिसली तर पैसे पाठवू नका, मांजर कधीच येत नाही.) मी कारळशेजारी जाऊन बसले, तिने माझ्या ओढणीचा वास घेतला, डोकं माझ्या कोपरावर एकदा जोरात घासलं आणि परत खिडकीबाहेर बघायला लागली. अतिलाड नाही, नाटक नाही. म्हटलं हीच.

करारावर सही घेतात. त्यात आहे की मांजर दुसऱ्याला परस्पर देणार नाही, जमलं नाही तर शेल्टरलाच परत, ते अधूनमधून फोटो मागतील, आणि सोडून दिलं तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा. कायदा आहे खरा, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास! एवढ्यात धड दोघांचा वडापाव-चहा होत नाही. त्यामुळे हा सगळा करार खरं तर लाजेवर चालतो, आणि म्हणूनच आधी एवढे प्रश्न विचारतात हे मला तेव्हा कळलं.

सोसायटीचं पण सांगते कारण चेअरमन साहेब लगेच आले होते. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचना आहेत की बहुमताने ठराव करून सुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. त्या लिहिल्यात कुत्र्यांना धरून, पण कुत्र्याला बंदी नाही तर घराबाहेर पाऊल न टाकणाऱ्या मांजराला कशी असेल, असं विचारलं. साहेब चहा घेऊन गेले.

घरी आणल्यावर काय होणार ते शेल्टरने आधीच सांगून ठेवलं होतं आणि तस्संच झालं. एकच खोली द्या, पाणी, खाणं, लिटरचा ट्रे तिथेच, ट्रे आणि खाणं लांब लांब ठेवा, ती गोदरेजच्या कपाटाखाली जाईल, जाऊ दे, ओढून काढू नका. गेली. दिवसा खायची नाही, रात्री वाटी रिकामी. मी जमिनीवर बसून मोठ्याने पेपर वाचायचे, आवाजाची सवय व्हावी म्हणून, हा पण त्यांचाच सल्ला. आठवड्याभराने शेपटी वर करून स्वयंपाकघरात आली आणि ओट्याखाली ऐटीत बसली. पहिल्या आठवड्यात ताईंचे मेसेज यायचे, खाल्लं का, शी झाली का, फोटो टाका. पैसे भरून एवढी सर्व्हिस मिळत नाही हो आजकाल.

खाण्यावरून घरात महाभारत. आमचं घर शाकाहारी, आईंनी आल्या दिवशीच जाहीर केलं की वाड्यातली मांजरं दूधभातावर जगायची. फॉर्ममध्येही हा प्रश्न होता, मांसाहारी खाणं द्यायची तयारी आहे का, नसेल तर कृपया मांजर घेऊ नका, असं स्पष्ट. कारण मांजराला टॉरिन नावाचं पोषक द्रव्य लागतं, ते मांस-मासळीतून येतं, ते कमी पडलं की डोळे जातात, हृदय कमकुवत होतं. आणि मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचतच नाही, जुलाब होतात. मी आईंना म्हटलं, आई, वाड्यातली मांजरं उंदीर, पाली, चिमण्या खाऊन जगायची, दूधभात फक्त तुमच्या समोर खायची. आईंना हे पटलं नाही पण तोडगा निघाला, तयार खाणं, पाकीट माझ्या कपाटात, वाटी वेगळी, घासणी वेगळी. आता वाटी वाजवून "ये गं बाई" म्हणून बोलावतात त्या आईच. हल्ली पाकीट संपत आलं की मला आठवण पण त्याच करतात.

आता कापलेला स्टार. एक म्हणजे फोन. सकाळी लागत नाही, दुपारी लागत नाही, मेसेजला उत्तर रात्री अकराला. माणसं कमी आहेत मान्य, पण फोनची वेळ ठरवून तेवढी लिहून टाका ना. दुसरं जास्त महत्त्वाचं. लसीच्या पुस्तिकेत ट्रायकॅटचे (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) स्टिकर होते पण एका डोसची तारीखच नव्हती, रेबीजची होती. तारीख शोधायला त्यांना बरेच दिवस लागले. आणि घरी आल्यावर काही दिवसांत कारळच्या कानामागे रुपयाएवढं टक्कल दिसलं आणि पाठोपाठ माझ्या मनगटावर लाल गोल चट्टा. गजकर्ण. शेल्टरच्या मांजरांमध्ये हे होतं, दाटीवाटीत पसरतंच, बरंही होतं, पण निघताना कोणीतरी "केस गेलेले दिसले तर लगेच दाखवा" एवढं बोलायला हवं होतं. कळवल्यावर मात्र टाळाटाळ केली नाही, त्यांच्या डॉक्टरांनी फुकट तपासलं, औषध दिलं, वाटलं तर बरी होईपर्यंत परत घेतो म्हणाले. नको म्हटलं. दोघींचं बरं झालं, माझं आधी.

एक लक्षात ठेवा, अशा वेळी घरातली औषधं स्वतःच्या मनाने देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते, आणि कुत्र्याच्या गोचिडांसाठी मिळणारे काही स्प्रे असतात त्यात परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते तर मांजराजवळ नेऊच नका.

पैसे म्हणाल तर दत्तकाची फी नाही, देणगी ऐच्छिक, पावती मिळते. जायचं असेल तर फोन लागेपर्यंत लावत राहा, न सांगता गेलात तर गेट उघडत नाहीत. झाकण घट्ट लागणारा कॅरियर न्या, माझ्यासमोर एक जोडपं भाजीची पिशवी घेऊन आलं होतं, त्यांना तसंच परत पाठवलं. आणि घरात जुन्या चादरी, टॉवेल, रद्दी पेपर असतील तर घेऊन जा, पावसाळ्यात त्यांना पैशाच्या आधी तेच लागतं.