जिगोकुदानीची माकडं: टोकियोहून एका दिवसात जावं, की एक रात्र राहावं?

हिवाळ्यात टोकियोला कुणी नातलग येणार म्हटलं की हा प्रश्न हमखास निघतो. नागानो प्रांतातल्या जिगोकुदानी माकड उद्यानात, बर्फ पडत असताना गरम पाण्याच्या कुंडात डोळे मिटून बसलेली माकडं बघायची आहेत. सकाळी जाऊन रात्री परतावं, की एक रात्र तिकडेच काढावी? मी दोन्ही केलंय, आणि दोन्ही वेळा आई-बाबा बरोबर होते. पहिल्यांदा फेब्रुवारीतल्या एका रविवारी, एका दिवसात. दुसऱ्यांदा पुढच्या जानेवारीत, जवळच्या शिबु ओनसेन या गरम झऱ्यांच्या गावात मुक्काम करून.

एका दिवसाच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. सामान वाहायचं नाही, मुक्कामाचा खर्च नाही, रात्रीचं जेवण घरी. शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, दीड तासाच्या आसपास नागानो शहरात पोचवते आणि स्टेशनवरून थेट बस आहे. शाकाहारी मंडळींसाठी तर ही मोठीच सोय. रियोकानमधल्या, म्हणजे पारंपरिक जपानी सरायीतल्या, जेवणात भाजी दिसली तरी ती बहुतेक वेळा ‘दाशी’त, म्हणजे वाळवलेल्या माशाच्या पाण्यात शिजलेली असते. दोघंच असाल, पाय धडधाकट असतील आणि आठवड्याच्या मधल्या वारी सुट्टी मिळत असेल, तर एक दिवस पुरतोही.

आमचं मात्र असं झालं. सातच्या सुमाराला टोकियो सोडलं. कानबायाशीच्या बस थांब्यापासून कुंडापर्यंतची १.६ किलोमीटरची रानातली वाट सुरुवातीचा चढ सोडला तर सपाट आहे, पण तुडवून तुडवून बर्फाची काच झालेली असते. बाबांचे गुडघे सांभाळत जायला तास लागला. पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि कुंडाभोवती माणसांच्या तीन रांगा होत्या. आई जेमतेम पाच फूट. तिला दिसल्या त्या पाठीवरच्या पिशव्या आणि वर धरलेले मोबाइल. पाण्यात माकड बसलंय हे तिने पुढच्या माणसाच्या मोबाइलच्या पडद्यावर पाहिलं. कुणी उद्धटपणा केला नाही, धक्काबुक्कीही नव्हती. पण पुढे उभा राहिलेला माणूस हलत नाही, कारण तोही आमच्यासारखाच लांबून आलेला असतो. शेवटी एका जपानी आजींनी आईचा हात धरून तिला काठाशी नेलं. तिथे दहा मिनिटं मिळाली असतील. तेवढ्यात मलाच घाई करावी लागली, कारण तीच निसरडी वाट पुन्हा तासभर चालून बस गाठायची होती. आई काही बोलली नाही. परतीच्या गाडीत तिने फक्त विचारलं, “पिल्लंही उतरतात का रे पाण्यात?”

एवढ्या लांब आणून तिला हे दिसू नये, हेच मला लागून राहिलं. पुढच्या वर्षी ती दोघं पुन्हा आली तेव्हा मी मुक्कामच ठरवला.

या खेपेला नागानोहून बसऐवजी नागानो देनतेत्सु या स्थानिक रेल्वेच्या गाडीने युदानाकाला, तिच्या शेवटच्या स्टेशनला, गेलो. दोन दिवसांचा ‘स्नो मंकी पास’ मिळतो. त्यात ही गाडी, बस आणि उद्यानाचं तिकीट सगळं येतं, आणि दोन दिवस असले की त्याचा खरा उपयोग होतो. शिबु ओनसेन म्हणजे एक अरुंद दगडी गल्ली आणि दोन्ही बाजूंना लाकडी सराया. गावात नऊ सार्वजनिक स्नानगृहं आहेत. त्यांना कुलूप असतं आणि किल्ली मुक्कामाच्या पाहुण्यांनाच मिळते. बाबांनी संध्याकाळी त्यातली तीन केली. पाणी चांगलंच कढत असतं. वज्रेश्वरीची कुंडं आठवली, म्हणाले.

सकाळी रियोकानच्या गाडीने आम्हाला पायवाटेपाशी सोडलं. हिवाळ्यात उद्यान नऊला उघडतं आणि चारला बंद होतं. आम्ही पोचलो तेव्हा काठावर फारतर दहा माणसं होती, पाण्यात माकड एकही नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला. ही माकडं पाळलेली नाहीत, त्यांना कुंपण नाही. रात्री ती डोंगरात असतात आणि सकाळी खाली येतात. कर्मचारी दाणे टाकतात म्हणून येतात हे खरं, पण यायचं की नाही ते त्यांचं तीच ठरवतात. वीसेक मिनिटांनी समोरच्या पांढऱ्या उतारावर ठिपके हलायला लागले. एकामागून एक माद्या, काहींच्या पाठीवर पिल्लं. आईने सवयीने पर्स छातीशी धरली, ब्रह्मगिरी चढताना धरते तशी. पण माकडं तिच्या पायाला घासून गेली आणि एकीनेही मान वर करून पाहिलं नाही. इथे पाहुण्यांनी खायला घालायचं नाही हा नियम कडक आहे, त्याचाच हा परिणाम असावा.

नंतर तासभर आम्ही तिथेच होतो, आणि इतका वेळ थांबल्यावरच काही गोष्टी ध्यानात आल्या. पाण्यात बहुतेक माद्या आणि पिल्लंच होती. एक थोराड मादी आली की बाकीच्या सरकून तिला जागा करून देत. क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी इथल्याच बारा माद्यांचा अभ्यास करून २०१८ मध्ये लिहिलं होतं की वरच्या मानाच्या माद्या पाण्यात जास्त वेळ बसतात, आणि गरम पाण्यामुळे थंडीतला ताण उतरतो. ही सवयही तशी अलीकडची. १९६० नंतरच्या काही वर्षांत इथल्या एका सरायीच्या उघड्या कुंडात माकडं उतरू लागली, म्हणून पुढे त्यांच्यासाठी वेगळं कुंड बांधलं. उद्यान १९६४ चं.

साडेदहानंतर पाठपिशव्यांची रांग वाटेवर दिसू लागली. आम्ही तेव्हा निघालो.

तुलना अगदी तराजूने तोललेली नाही, हे कबूल करतो. पहिल्या वेळी रविवार होता, दुसऱ्या वेळी मंगळवार. मुक्कामाला खर्च बऱ्यापैकी जास्त होतो, आणि सकाळी माकडं उशिरा आली तर तुम्हालाही गर्दी गाठेलच. तरीही बरोबर लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर मी रात्र राहाच म्हणेन. ज्यांना ती बर्फाची वाट अजिबात झेपणार नाही, त्यांच्यासाठी उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर हाकोदाते शहराचं उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान आहे. तिथेही हिवाळ्यात माकडं गरम पाण्यात बसतात आणि ट्रामने बरंच जवळ जाता येतं. ती आवारात ठेवलेली आहेत एवढं मनाशी धरून जा.

राहायचं ठरलं तर दाशी चालत नसल्याचं आरक्षण करतानाच सांगा, किंवा फक्त नाश्त्यासह खोली घ्या. बुटांना लावायचे काटे बरोबर न्या. आणि निघण्यापूर्वी उद्यानाच्या इंटरनेटवरच्या थेट कॅमेऱ्यावर एकदा कुंड बघून घ्या. आई अजूनही नाशिकहून कधीतरी तो उघडून बसते आणि मला फोन करून सांगते, आज पिल्लं आलीयत.