डब्यांच्या गाडीसाठी पाच दारं

आधी भाव सांगते, कारण सगळे पहिलं तेच विचारतात. २०१८ ची वॅगनआर, व्हीएक्सआय, पेट्रोल, पहिला मालक, साठ हजार किलोमीटरच्या आत चाललेली. गेल्या दिवाळीनंतर अशाच गाडीला मला खुद्द मालकानं ३ लाख ४० हजार सांगितले, लातूरच्या एका कार बाजारात ३ लाख ६५ हजार, कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या शोरूमला ४ लाख ५ हजार, पुण्याच्या ऑनलाइनवाल्यांनी ३ लाख ९० हजार, आणि बँकेच्या लिलावात बोलीच २ लाख ६० हजारांपासून सुरू. गाडी एक, भाव पाच. मधला फरक कशाचा, हे कळायला मला दोन महिने आणि पाच हजार रुपये लागले.

मी लातूरच्या ट्यूशन एरियात, म्हणजे क्लासेसच्या भागात, मेस चालवते. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेला बसणाऱ्या पोरी काकू म्हणतात. दोन्ही वेळचे मिळून दीडशेच्या वर डबे बाहेर जातात. ते रिक्षानं जायचे, महिन्याला साडेनऊ हजार. पण मृगाचा पाऊस पडला की रिक्षावाला पेरणीला गावाकडं, आणि आमच्या यांच्या मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी पिशव्या. वॅगनआरच का, तर छत उंच, मागचं सीट पाडलं की कॅरेटवर कॅरेट बसतं. सीएनजी रोजच्या खर्चाला परवडली असती, पण टाकी अख्खी डिक्की खाते, वर दर तीन वर्षांनी तिची टेस्टिंग करा. मला तर डिक्कीच पाहिजे होती.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, पहिले बाजारात चला. एका जागी दहा गाड्या बघायला मिळतील." ते खरं निघालं. टायरला काळं पॉलिश, डॅशबोर्डवर इतकं तेल की बोट घसरावं. एक चांदी रंगाची वॅगनआर मला बघताक्षणी आवडली. मीटर ३८ हजार. सोबत आमचा मिस्त्री होता, गाडी बघायला यायचे पाचशे घेतो. त्यानं काही न बोलता आधी बॉनेटवर तळहात ठेवला. "गरम हाय. आपुन यायच्या आधीच चालू करून ठेवलीय." थंड इंजिन कसं उचलतं ते दिसू नये म्हणून ही युक्ती. मग वाकून ब्रेकच्या पायपट्टीचं रबर दाखवलं, चप्पलच्या टाचेसारखं एका बाजूनं झिजलेलं. "अडतीस हजारांत रबर आसं गुळगुळीत होत नसतंय, ताई."

त्यानंतर त्यानं जे केलं ते मी आता भेटेल त्याला सांगते. ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट धरला आणि ओढत, ओढत, पार अडकेपर्यंत बाहेर काढला. रोज आपण ओढतो तेवढा पट्टा स्वच्छ काळा. शेवटचा हातभर मात्र पिवळट, आणि त्यावर आडवी एक रेघ, पट्टीनं मारल्यासारखी. गाडी धुणारा सगळं धुतो, बेल्टचा तो शेवटचा हात धुवायला कुणी जात नाही. एजंट म्हणाला, "काच उघडी राहिली आसंल पावसात." मिस्त्रीनं डिक्कीतली स्टेपनी उचलली. खाली गाळ वाळून तडकला होता, उन्हाळ्यात तळं आटल्यावर दिसतो तसा. २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा-तेरणेच्या काठानं पाणी कुठंकुठं शिरलं ते आम्ही पाहिलेलंच आहे. पण त्या पाण्यातल्या गाड्या पुढं कुठं गेल्या असतील, हे काही डोक्यात आलं नव्हतं.

माझे पाच हजार गेले ते दुसऱ्या बाजारात. पांढरी गाडी, पत्रा चांगला, काचांवरची सालं गाडीच्या सालाशी जुळणारी (काच बदललेली असेल तर साल वेगळं येतं, म्हणजे कधी तरी काहीतरी आदळलेलं असतं), मिस्त्रीनं मान हलवली. मी ११ हजार इसार दिला. पावती म्हणून व्हिजिटिंग कार्डाच्या मागं आकडा. रात्री पुतणीनं एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकला, तर गाडीवर फायनान्सचं नाव. सातबाऱ्यावर बोजा असतो ना, तसं. एजंटाला फोन केला. "हप्ते फिटलेत की ताई, एनओसी आठ दिवसांत येतीय." आठाचे एकवीस दिवस झाले. फायनान्सवाल्यांची एनओसी, म्हणजे ना-हरकत, आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ असल्याशिवाय आरटीओ तो बोजा उतरवत नाही, आणि तो उतरल्याशिवाय माझ्या नावाचं काही खरं नाही. शेवटी सहा हजार परत मिळाले. बाकीचे "पार्किंगचे आणि पॉलिशचे" म्हणे. गाडी उभी त्यांच्याच दारात आणि पार्किंग माझ्याकडून!

आता यात माझीही चूक आहे. नंबर आधी टाकायचा, इसार नंतर. आणि कार्डावर नाही, कागदावर, "बोजा निघाला तर इसार पूर्ण परत" असं लिहून घेऊन.

बाजारवाल्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून नियम झालेला आहे. जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्यानं आरटीओकडून अधिकृत डीलरचं प्रमाणपत्र घ्यायचं, आणि मालकानं गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंद झाली की ती विकेपर्यंत डीलरच मालक धरला जातो. मी चार ठिकाणी हे प्रमाणपत्र मागितलं. एकानं ड्रॉवरमधून काढून समोर ठेवलं. एकानं चहा मागवला. एकानं भाऊजींकडं बघून विचारलं, "ताई वकील हायत का?" चौथ्याचं उत्तर लिहिण्यासारखं नाही.

हा नियम मला एवढा का लागतो, त्याला आमची ओम्नी कारण. २०१९ ला ती आम्ही एका एजंटाला दिली, नाव बदलायच्या टीटी फॉर्मवर सह्या करून, पैसे मोजून, मोकळे झालो म्हणून. तीन वर्षांनी यांच्या मोबाइलवर सिग्नल तोडल्याचं चलन. गाडी पुण्यात, नाव अजून यांचंच. नुसतं चलन होतं म्हणून बरं. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्येच सांगितलंय की गाडी कितीही हात फिरली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईला तोच मालक. विकणाऱ्यानं १४ दिवसांत कळवायचं असतं, हेही आम्हाला तेव्हाच कळलं.

कंपनीच्या शोरूमचं मी चांगलंच सांगेन. मारुतीचं ट्रू व्हॅल्यू, महिंद्राचं फर्स्ट चॉइस, ह्युंदाईचं प्रॉमिस, ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. आम्ही गेलो ते कुठलं ते राहू द्या. एसी, पाणी, सर्व्हिसचा सगळा इतिहास कॉम्प्युटरवर, वर्षभराची वॉरंटी, नाव चढवून द्यायची जबाबदारी त्यांची. भाव मात्र एक रुपया हलला नाही. डीलरला जुन्या गाडीवरच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. ३ लाख ४० ला घेतलेली ४ लाखाला विकली तर मधल्या साठ हजारांवर, म्हणजे दहा हजारांच्या आसपास. मालकाकडून थेट घेतली तर हा कर नाही. बाकीचा फरक वॉरंटीचा, एसीचा आणि पाण्याचा. ज्याच्या ओळखीत मिस्त्री नाही त्यानं इथंच जावं, घासाघीस करत बसू नये. पण लातुरात त्यांच्याकडं माझ्या भावात एकच गाडी होती, ती पण लाल. लाल गाडीवर डबे नकोत म्हणून सासूबाई अडून बसल्या. कारण विचारायची सोय नव्हती.

ऑनलाइनचं थोडक्यात. फोटो झकास, पत्र्यावरचा ओरखडासुद्धा गोल करून दाखवतात, आवडली नाही तर ठराविक दिवसांत परत घेतात. पण ती परत न्यायची कुठं, तर पुण्याला. सव्वातीनशे किलोमीटर. ते दिवस मेस कोण बघणार? पुण्यात राहणाऱ्या बहिणीला मी हाच रस्ता सांगितला, स्वतः घेतला नाही.

लिलावाला भाऊजींची फार इच्छा होती. हप्ते थकले म्हणून ओढून आणलेल्या गाड्या. यार्डात गेलो तर चाकांत गवत वाढलेलं, बॅटऱ्या उतरलेल्या. गाडी चालवून बघता येत नाही, चालू होईल का तेही यार्डवाला सांगत नाही. "जशी आहे तशी, जिथं आहे तिथं" ही अटच असते. आधी अनामत भरा, मग बोली. जुनी चलनं, राहिलेला विमा, गायब चावी, सगळं घेणाऱ्याच्या गळ्यात. एका गाडीच्या सीटखाली लेकराची एकच चप्पल होती. मी म्हटलं, भाऊजी, चला. ज्याचं स्वतःचं गॅरेज आहे त्याला हे दार ठीक आहे.

आणखी एक दार लोक दाखवतात, परराज्यातलं. बिदर आम्हाला जवळ, केए-३८ च्या गाड्या लातुरात रोज दिसतात. शिवाय दिल्लीच्या डिझेल गाड्या. तिकडं डिझेलला दहा वर्षांची मर्यादा लावली होती, म्हणून त्या स्वस्तात इकडं येऊ लागल्या. एकानं २ लाख ३० हजारांत डिझायर देऊ केली. पण तिकडच्या आरटीओची एनओसी आणायची, महाराष्ट्राचा कर इथं नव्यानं भरायचा, बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्यायचा. स्वस्ताई रस्त्यातच संपते.

शेवटी गाडी मिळाली ती आमच्या गॅस एजन्सीत कामाला असलेल्या पोराच्या ओळखीनं, एका निवृत्त क्लार्ककाकांची. एमएच-२४, निळी. काकांनी आधी गाडी दाखवलीच नाही, फाइल काढली. प्रत्येक सर्व्हिसचं बिल भोकं पाडून लावलेलं, वर पेननं किलोमीटर. मिस्त्रीनं टायरवरचे चार आकडे वाचले, २२१८. म्हणजे २०१८ चा बाविसावा आठवडा, टायर गाडीबरोबरचेच. "नक्षी दिसतीय, पण रबर मेलंय." त्यावर बोलून ३ लाख २८ हजारांत जमलं. जीएसटी कमी होऊन नव्या छोट्या गाड्या स्वस्त झाल्या होत्या, त्याचाही फायदा झाला. काका स्वतःच म्हणाले, आता जुनीला कोण विचारतंय.

खर्चाचा हिशेब लपवत नाही. टायर १५,६००. काकांनी नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली नव्हती, आणि १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला ती नसेल तर नाव चढत नाही, म्हणून ७४५ आणि वर जीएसटी, ८७९. आरटीओचा एजंट ३,५००. सरकारी फी त्यातली थोडीच, पण दोन दिवस रांगेत उभी राहिले असते तर मेसमध्ये त्याहून जास्त गेले असते. विमा १४ दिवसांत नावावर करून घेतला. तिथं कळलं की काकांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, काकांचाच, गाडीबरोबर येत नाही. फरकाचे २,९०० भरले. मिस्त्रीच्या पाच फेऱ्यांचे २,५००, आणि ते पार्किंगचे ५ हजार. एकूण ३ लाख ५८ हजार ३७९. बाजाराच्या भावाला जवळजवळ टेकलेच की मी! शोरूमपेक्षा ४६-४७ हजार वाचले, पण वॉरंटी नाही.

पैसे बँकेतून दिले. ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही टाकली, दुपारी ४ वाजून १० मिनिटं, म्हणजे तोवरचं चलन काकांचं, पुढचं माझं. काकांना हे फार पटलं, त्यांनी स्वतःच्या हातानं दोन प्रती काढल्या.

आरसी माझ्या नावावर आली. कॅरेट बसतात, पुढच्या सीटवर आमटीची किटली बेल्ट लावून जाते. एकच राहिलंय. दुसरी चावी काकांच्या मुलाकडं पुण्याला आहे, म्हणून दोन हजार मी रोखून धरलेत. मुलगा संक्रांतीला येणार होता, आला नाही. आता शिवरात्रीला म्हणतायत.