तालुका विधी सेवा समितीची मोफत मदत: वाळीत प्रकरणातील अनुभव

गावकीने वाळीत टाकलेल्या माझ्या काकूंना घेऊन मी गेल्या वैशाखात आमच्या तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा समितीच्या कार्यालयात गेलो. त्यानंतरच्या चार महिन्यांत या मोफत सेवेचा जो अनुभव आला, तो रायगड-रत्नागिरीकडच्या अशाच कुटुंबांना उपयोगी पडावा म्हणून सविस्तर लिहीत आहे.

काकूंनी वाटेसाठी परड्यातली जागा द्यायला नकार दिला, म्हणून गावकीच्या बैठकीत 25 हजारांचा दंड ठरला. तो न भरल्यामुळे शिमग्यात पालखी त्यांच्या अंगणात आली नाही, वाडीतल्या दुकानाने तेल-मीठ देणे थांबवले आणि नारळ उतरवायलाही कोणी येईना. पोलीस ठाण्यात आम्हाला आपापसात मिटवण्याचा सल्ला मिळाला होता.

समितीकडे जाताना उत्पन्नाचा दाखला लागेल असे वाटले होते; परंतु 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रियांना, मुलांना, अपंग व्यक्तींना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, हे तिथल्या स्वयंसेवकाने स्वतःहून सांगितले आणि अर्जही त्यानेच भरून दिला.

नेमून मिळालेल्या वकीलबाईंचे काम मला मनापासून आवडले. आमची समजूत अशी होती की, भेदभावाविरुद्धचे कायदे म्हणजे 1955 चा नागरी हक्क संरक्षण अधिनियम आणि 1989 चा अत्याचार प्रतिबंधक अधिनियम, आणि स्वजातीच्याच लोकांनी वाळीत टाकले तर दाद मागायला जागा नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने स्वतंत्र कायदा केला असून तो जुलै 2017 पासून लागू आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात आणि पोलिसांनी टाळाटाळ केल्यास थेट दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते, हे त्यांनी काकूंना समजेल अशा भाषेत सांगितले. मग त्या म्हणाल्या, "मावशी, नुसते 'वाळीत टाकले' लिहून चालणार नाही. कोणत्या दिवशी, कोणी, काय नाकारले ते आठवून सांगा." दोन तास बसून त्यांनी पालखीची तिथी, दुकानातला संवाद, बैठकीला हजर असलेल्यांची नावे असे सारे उतरवून घेतले. काकू प्रथमच कोणापुढे न घाबरता बोलल्या, आणि माझ्या मते या सेवेची खरी किंमत त्या दोन तासांत आहे. पुढे आषाढात लावणीला गडी मिळू नयेत म्हणून दबाव आला, तोही पुरवणी जबाबात नोंदवला गेला.

पाठपुरावा मात्र कमकुवत आहे. एकदा तारीख पुढे गेल्याचे कळवलेच नाही आणि काकूंचा होडी-एसटीचा पूर्ण दिवस वाया गेला. वकीलबाईंकडे अनेक प्रकरणे असल्याने फोन संध्याकाळनंतरच लागतो. आरोपपत्र दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत खटला संपवण्याची तरतूद असली तरी आमचे प्रकरण अजून तपासातच आहे. महाडच्या चवदार तळ्यावर 1927 मध्ये सत्याग्रह झाला आणि उच्च न्यायालयात त्याचा निकाल 1937 मध्ये लागला, ही आमच्याच जिल्ह्यातली हकिकत काकूंना ठाऊक आहे, त्यामुळे त्या धीर धरून आहेत. पण नुसता तारखेचा निरोप देण्यासाठी एवढ्या धीराची गरज पडू नये.

जाणाऱ्यांनी आधार कार्ड, दंडाची पावती किंवा बैठकीचा कागद असल्यास त्याची प्रत, आणि घटना तारखेनिशी लिहिलेली वही सोबत ठेवावी. आधी चौकशी करायची असल्यास 15100 या क्रमांकावर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचे मार्गदर्शन मिळते. आमचे कार्यालय पहिल्या मजल्यावर असून जिन्याला कठडा नाही. काकूंचे गुडघे दुखतात हे कळल्यावर स्वयंसेवकाने कागद खाली व्हरांड्यात आणून सह्या घेतल्या.