शिर्डीच्या वाटेवर पैठणी घेणार असाल तर आधी हे वाचा

आईचं सहस्रचंद्रदर्शन चैत्रात करायचं ठरलं तेव्हा भावानं आणि मी एकच गोष्ट मनाशी पक्की केली होती. तिला पैठणी द्यायची. तिच्या लग्नात शालूही नव्हता, एका साध्या नऊवारीवर ती बोहल्यावर उभी राहिली. पुढे आम्हा भावंडांच्या फिया, आजीचं आजारपण, घराचे हप्ते, त्यात पैठणीचा विषय कधी निघालाच नाही. पण कुणाच्या लग्नात पैठणी दिसली की आई पदराला हात लावून बघायची, हे आम्ही दोघांनी लहानपणापासून पाहिलं होतं.

डिसेंबरात तिला घेऊन शिर्डी, वेरूळ आणि पैठण असा चार दिवसांचा बेत केला. बाबांचं दर्शन, मग घृष्णेश्वर, मग पैठणला नाथांची समाधी आणि नाथसागर. शिर्डीहून येवला तीसेक किलोमीटरवर, कोपरगाव ओलांडलं की आलंच. म्हणून पैठणी येवल्यातच घ्यायची, असं मी घरून ठरवून निघाले होते. लॉजवाल्यानं गाडी ठरवून दिली. ड्रायव्हर तरुण, अदबीनं वागणारा. आईला हात धरून गाडीत बसवायचा, “आजी, सावकाश” म्हणायचा. मी त्याला येवल्यात गाडी थांबवायला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “ताई, गावात गल्लीबोळ आहेत, गाडी आत जात नाही, आजींना चालवणार नाही. रस्त्यालाच विणकरांचं आहे ना, तिथं मागही बघायला मिळतो.”

आईच्या गुडघ्यांचा विचार करून मी हो म्हटलं. आमची फसवणूक इथूनच सुरू झाली.

ते दुकान म्हणजे रस्त्यालगतची मोठी शेड. बाहेर फलक, ‘थेट विणकरांकडून’. आत शिरल्याबरोबर समोर खड्डामाग, त्यावर अर्धवट विणलेली जांभळी पैठणी आणि एक वयस्कर गृहस्थ विणत बसलेले. आई तिथंच खिळली. त्यांनी तिला पदरातला मोर दाखवला, रंगीत धागा गुंडाळलेल्या छोट्या छोट्या तिल्ल्या कशा फिरवतात ते दाखवलं. ते सगळं खरं होतं, आणि म्हणूनच पुढचं खोटं आम्हाला ओळखता आलं नाही. त्या मागावरची साडी आणि आतल्या कपाटातल्या साड्या यांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता. माग दाखवायचा, मन भरून घ्यायचं आणि मग आतल्या गादीवर बसवून दुसराच माल काढायचा, अशी ती सगळी मांडणी होती.

आम्हाला मोरपंखी रंगाची, नारळी काठाची, पदरात बांगडी मोर (बांगडीसारख्या गोलातले मोर) असलेली साडी आवडली. किंमत सांगितली ३२,०००. मग “साईभक्तांसाठी” म्हणून सवलत, मग “आजींचं सहस्रचंद्रदर्शन आहे, मग आमचाही आशीर्वाद समजा” म्हणून आणखी सवलत, असं करत २१,५०० वर आलं. शुद्ध रेशीम, हातमाग, सोन्याच्या पाण्याची जर, असं तोंडानं तीनतीनदा सांगितलं. साडीला चकचकीत कार्ड लावलेलं, त्यावरही ‘हातमाग’ छापलेलं. पैसे मी मोबाईलवरून दिले. निघताना त्यांनी आग्रह धरला, “फॉल-पिको आमच्याकडूनच करून न्या, फुकट, तासाभरात देतो.” अंधार पडायच्या आत वेरूळ गाठायचं होतं म्हणून मी नको म्हटलं. तो तास आमच्याकडे असता तर आजही मला काही कळलं नसतं.

कारण खरं काय ते फॉल लावणाऱ्या ताईंनीच सांगितलं. आमच्या गल्लीत गेली वीस-बावीस वर्षं फॉल-पिकोचं काम करणाऱ्या या ताईंच्या हाताखालून किती पैठण्या गेल्या असतील! साडी उलटी करून त्यांनी काठावर अंगठा फिरवला आणि मशीन बंद केलं. “वहिनी, ही कितीला घेतलीत?” मी आकडा सांगितला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग पदराची उलटी बाजू माझ्यापुढे धरली. मोराच्या मागे कापलेल्या धाग्यांची दाट लव होती. “मागावरच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा असतो. ही मशीनची आहे. आणि फॉल लावला की काठाची ही बाजू झाकली जाते, म्हणून दुकानातच लावून देतात.”

घरी येऊन पदराच्या गोंड्यातले दोन-तीन धागे काढले आणि चिमट्यात धरून पेटवले. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. आमचे धागे आक्रसले, वितळले आणि टोकाला काळा कडक मणी झाला. हातमाग तर नव्हताच, रेशीमही नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे भावाचे आणि माझे दोघांचे होते, पण खरं दुःख त्याचं नव्हतं. आईनं ती साडी घरी आल्यापासून रोज एकदा उघडून बघितली होती.

दुकानाला फोन केला. आधी म्हणाले, तुम्ही स्वतः निवडलीत. मग म्हणाले, बिल बघा. बिल काढलं तेव्हा माझे हातपाय गळाले. त्यावर एवढंच होतं, ‘साडी, नग १’. ना रेशीम, ना हातमाग, ना पैठणी. ते कार्ड साडी घडी करताना त्यांनी काढून घेतलं होतं, हे मला तेव्हा जाणवलंसुद्धा नव्हतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली. दुकानदारानं उत्तर दिलं की मशीनची साडी म्हणूनच विकली, हवी तर बदलून देतो. बदलून त्याच कपाटातली दुसरी घ्यायची? जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग अजून खुला आहे. २०१९ च्या कायद्यानुसार ग्राहक जिथं राहतो तिथल्या आयोगाकडेही तक्रार करता येते, खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची आहे. पण त्या मोघम बिलापलीकडे आणि पैसे दिल्याच्या नोंदीपलीकडे माझ्या हातात लेखी काही नाही. तोंडी सांगितलेलं ‘हातमाग’ मी सिद्ध कसं करणार? म्हणून कळकळीनं सांगते, साडीबरोबरच्या कार्डाचा आणि बिलाचा फोटो दुकानात उभं असतानाच काढा. बिलावर ‘हातमाग, शुद्ध रेशीम पैठणी’ असं लिहून द्यायला सांगा. जो लिहून देत नाही, त्याच्याकडे घेऊ नका.

संक्रांतीनंतर आठवड्यानं मी आणि भाऊ पुन्हा निघालो, या वेळी थेट येवल्याला, आणि गाडी गावाबाहेर लावून चालत. संक्रांतीचा पतंगांचा सण येवल्यात फार मोठा, तारांवर पतंगांचे फाटके कागद अजून अडकलेले होते. ज्या गल्लीबोळांची भीती ड्रायव्हरनं घातली होती, त्याच गल्ल्यांत घराघरातून मागाचा आवाज येत होता. आई हळूहळू सहज चालली असती. चार ठिकाणी विचारत एका विणकराच्या घरी पोचलो. पुढच्या खोलीत माग, आतल्या खोलीत चूल. विणकरदादांच्या पत्नी, वहिनी, तिल्ल्या भरत होत्या. सोबत नेलेली आमची साडी पाहून दादांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी ती फक्त उलटली आणि घडी घालून बाजूला ठेवली.

मग जे समजावलं ते प्रत्येक पर्यटकाला माहीत असायला हवं. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली असते. मोराच्या मानेचा निळा धागा मानेच्या कडेपर्यंत जातो आणि तिथूनच परत फिरतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकून. तो मागून लोंबकळत दुसरीकडे जात नाही, म्हणून दोन्ही बाजू सारख्या. मशीनवर नक्षीचे धागे मागून पुढेपुढे जातात आणि नंतर ते कापतात, त्याचीच ती लव. ब्रोकेड, म्हणजे अंगभर नक्षीच्या प्रकारात हातमागावरही जकार्ड (नक्षीचे धागे उचलणारं यंत्र) लावतात, तेव्हा अंगाच्या मागे धागे दिसू शकतात, म्हणून परीक्षा पदराची करा, असं दादा म्हणाले. सोन्याच्या जरीबद्दलही त्यांनी सरळ सांगितलं, की पूर्वी चांदीच्या तारेवर सोन्याचं पाणी असे, आता बहुतेक सगळी जर सुरतेची टेस्टेड, म्हणजे तांब्याच्या तारेवरची. वीस हजारांत सोन्याची जर सांगणारा खोटं बोलतो.

दोन चिन्हांमधला फरकही मला तिथंच कळला. सिल्क मार्क म्हणजे रेशीम शुद्ध आहे एवढीच हमी, ती साडी मशीनवरचीही असू शकते. हँडलूम मार्क म्हणजे हातमागावरची आहे एवढीच हमी. पैठणीला दोन्ही हवीत. मशीनची साडी मशीनची म्हणून विकली तर माझी तक्रार नाही. बाजारात तिला सेमी पैठणी म्हणतात, ती चार-पाच हजारांत मिळते आणि ज्यांना तेवढीच परवडते त्यांनी आनंदानं घ्यावी. सेमीला पैठणी म्हणून हातमागाचे पैसे घेणं ही चोरी आहे, आणि ती फक्त माझ्यासारख्या गिऱ्हाइकाची नाही. दादा म्हणाले, “लोक हायवेवर बघून येतात आणि विचारतात, तिथं एवढा मोठा मोर असलेली वीस हजारांत देतात, तुमची साधी बुट्टीवाली सतरा हजार कशी? आता त्यांना काय सांगायचं? पदराचं काम दिवसभरात चार बोटं सरकतं.” वहिनी आतून म्हणाल्या की त्यांची दोन्ही मुलं मागावर बसायला तयार नाहीत. माझ्या २१,५०० रुपयांतला एक पैसाही या घरात आला नव्हता, आणि विकलं गेलं होतं ते यांच्याच नावावर.

ड्रायव्हरच्या हिश्शाबद्दलही परतीच्या रिक्षावाल्यानं न विचारता सांगितलं. विक्रीतला वाटा गाडीवाल्याला मिळतो, गाडीचा नंबर दुकानात लिहून घेतात. मला आठवलं, आम्ही आत शिरताना दारातल्या पोरानं वहीत काहीतरी टिपलं होतं. म्हणून शिर्डी असो की वेरूळ, खरेदीची जागा गाडीवाल्याला ठरवू देऊ नका. तो ‘गाडी जात नाही’, ‘आज बंद असतं’, ‘तिथं महाग’ म्हणाला तरी एकदा उतरून स्वतः बघा. म्हातारं माणूस बरोबर असेल तर त्याला गाडीत बसवून तुमच्यातल्या एकानं जा.

आणि येवल्याला नक्की जा. साडी घ्यायची नसली तरी जा. तात्या टोपे यांचं हे जन्मगाव. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा इथंच केली, ती मुक्तिभूमी बघा. जवळच अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले आणि लेणी आहेत. पैठणला नाथांच्या दर्शनाला जाल तेव्हा तिथल्या सरकारी पैठणी केंद्रातही माग बघता येतात. विणकराच्या घरी गेलात तर घाई करू नका, घासाघीस करण्याआधी पंधरा मिनिटं माग चालताना बघा.

दादांकडे आम्ही एकधोटी, म्हणजे आडवा धागा एकाच धोट्यानं विणलेली साडी सांगितली. नारळी काठ, अंगभर बारीक बुट्टी, पदरात मुनिया, म्हणजे छोटे पोपट. मोर नाहीत, मोर आमच्या आवाक्याबाहेर होते. सतरा हजार, निम्मे आधी, पाच आठवड्यांची मुदत. आईला मी सगळं सांगितलं. लपवून नवी साडी हातात देणं मला जमलं नसतं. ती एवढंच म्हणाली, “मग मला तिथं ने, मला माग बघायचाय.” साडी न्यायला आम्ही तिघं गेलो. ती मागाशेजारच्या पाटावर तासभर बसून होती आणि वहिनींनी तिला एक तिल्ली भरायला दिली.

निघताना दादांनी बिल लिहिलं. मी काही म्हणायच्या आत त्यांनी सगळं घातलं होतं. ‘पैठणी, हातमाग, शुद्ध रेशीम, एकधोटी, टेस्टेड जर, नारळी काठ, पदर मुनिया, नग १’. खाली सही आणि तारीख.